पेशंट रेकॉर्डचं डेस्कटॉप ॲप बनवायचंय तर सुरुवात टेबलांपासून करा

हे ॲप बनवायला घेतलं की बहुतेक जण पहिल्या दिवशी स्क्रीन काढायला बसतात, वर नाव, खाली वय, कोपऱ्यात सेव्हचं बटण, आणि मग रंग नि फॉन्ट जुळवण्यात दोन दिवस जातात. मी पण पहिल्यांदा हेच केलं आणि तीन महिन्यांनी सगळं उपसून परत लिहायला लागलं, कारण डेटा कसा ठेवायचा याचा विचारच झाला नव्हता. पेशंटच्या नोंदीचं असं आहे की एखादा आकडा आज चुकीचा निघाला तरी त्या दिवशी डॉक्टरांनी तोच आकडा बघून औषध दिलेलं असतं, मग तो आकडा गुपचूप बदलला तर ते औषध का दिलं हे नंतर कोणालाच कळणार नाही. म्हणून या ॲपचा पहिला नियम, लिहिलेलं पुसायचं नाही. दुरुस्ती करायची, पण जुनं दिसत राहिलं पाहिजे. खाली जे काही सांगतोय ते बरंचसं या एका नियमातून आलंय.

कशात बनवायचं ते आधी पटकन उरकतो. मी पायथन, स्क्रीनसाठी पायसाइड ६ म्हणजे क्यूटी ही खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी, आणि डेटासाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरतो. तुम्हाला सी शार्प किंवा जावा येत असेल तर त्यात करा, फरक पडत नाही. टीकेइंटर ही स्क्रीन बनवायची दुसरी लायब्ररी पायथनबरोबर फुकट येते पण पुढे मोठी टेबलं, छपाई, ग्राफ हे सगळं लागणार आहे आणि तिथे क्यूटी फार सोपं जातं. एसक्यूलाइट यासाठी की वेगळा सर्व्हर चालवायला लागत नाही, सगळा डेटा एका फाइलमध्ये, २००० सालापासून हे चालत आलंय आणि मोबाइलपासून ब्राउझरपर्यंत सगळीकडे आहे. फक्त एक अट, ॲप एकाच कॉम्प्युटरवर चालणार असेल तरच. दोन-तीन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर ती फाइल नेटवर्क ड्राइव्हवर टाकून भागवू नका, फाइल लॉक होण्याचे घोळ होतात आणि फाइल खराब होऊ शकते, तिथे सरळ पोस्टग्रेसक्यूएल हा सर्व्हरवाला डेटाबेस बसवा.

आता टेबलं. पेशंट, भेट, निरीक्षण, औषध, ॲलर्जी, आणि ॲप वापरणारे लोक, एवढ्या सहा टेबलांवर सुरुवात होते.

पेशंटच्या टेबलात वय हा कॉलम ठेवू नका, वय रोज बदलतं, जन्मतारीख ठेवा आणि वय दाखवताना काढा. आता गोची अशी की खूप जणांना, खास करून म्हाताऱ्या माणसांना, जन्मतारीख माहीतच नसते, "सत्तरच्या आसपास असेल" एवढंच सांगतात. तारीख सक्तीची केली की टाइप करणारा माणूस १ जानेवारी टाकून पुढे जातो, आणि मग वर्षभरात तुमच्याकडे १ जानेवारीला जन्मलेल्यांची रांग लागते आणि त्यातले खरे कोण नि अंदाजाचे कोण हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून तारखेच्या शेजारी अजून एक कॉलम द्या, ही तारीख नक्की दिवसापर्यंत माहीत आहे, महिन्यापर्यंत, की फक्त वर्षाचा अंदाज आहे. आणि स्क्रीनवर अंदाज असेल तर "अंदाजे ७०" असंच दाखवा.

ॲलर्जीचं तर यापेक्षा महत्त्वाचं आहे. रिकामा कॉलम म्हणजे काय? विचारलं आणि ॲलर्जी नाही म्हणाले, की कोणी विचारलंच नाही? या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पेनिसिलिनचं इंजेक्शन देण्याआधी तर नक्कीच. म्हणून तीन अवस्था वेगळ्या ठेवा, "विचारलं नाही", "विचारलं, माहितीत कुठली नाही", आणि "आहे". पहिली अवस्था असेल तर पेशंटच्या नावाखाली ठळक पट्टी यायला हवी की ॲलर्जी विचारायची राहिली आहे. हेच तंबाखू, आधीची ऑपरेशनं, घरातला मधुमेह या सगळ्याला लागू होतं. "माहीत नाही" आणि "नाही" हे दोन वेगळे शब्द आहेत, डेटाबेसमध्ये पण वेगळे ठेवा.

निरीक्षणाच्या टेबलावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्ही पण घालवा. बीपी, ताप, वजन, साखर, प्रत्येकाला वेगळा कॉलम देत बसलात तर दर महिन्याला नवीन तपासणी आली की टेबल बदलायला लागेल. त्यापेक्षा एका ओळीत एकच मोजमाप ठेवा, म्हणजे कोणाचं, काय मोजलं, आकडा, एकक, कधी मोजलं, कधी लिहिलं, कोणी लिहिलं. मोजलं ती वेळ आणि लिहिलं ती वेळ वेगळी ठेवायची, कारण सकाळी घेतलेलं बीपी कामाच्या गर्दीत दुपारी टाइप केलं जातं. बीपी म्हणजे १२०/८० असा मजकूर ठेवू नका, वरचा आकडा एक ओळ, खालचा आकडा दुसरी ओळ, आणि दोन्हीला एकच गट क्रमांक, नाहीतर पुढे ग्राफ काढताना तो तिरका दांडा तोडत बसायला लागतं. काय मोजलं हे लिहायला स्वतःचे शब्द बनवण्यापेक्षा लॉइंकचे, म्हणजे तपासण्यांसाठी जगभर चालणाऱ्या यादीतले कोड ठेवा, वरच्या बीपीला ८४८०-६, खालच्याला ८४६२-४, नाडीला ८८६७-४. आज उपयोग नाही वाटणार, पण उद्या हा डेटा दुसऱ्या सिस्टीमला द्यायचा झाला, समजा एचएल७ फायर या आरोग्याचा डेटा देवाणघेवाणीच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये, तर हे कोड असले की काम दोन दिवसांचं होतं आणि नसले की प्रत्येक ओळ माणसाने वाचायला लागते. निदानाला तसंच आयसीडी-१० किंवा आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीतला कोड, पण डॉक्टरांनी स्वतःच्या शब्दात लिहिलेलं वाक्य पण शेजारी जसंच्या तसं ठेवा. कोडच्या नादात ते वाक्य टाकून देऊ नका, बऱ्याचदा खरी माहिती त्या वाक्यातच असते.

एककाबद्दल थोडं थांबून सांगतो. मी एकदा शेजारी बसून नोंदी टाकणाऱ्या ताईंना बघत होतो. पेशंटचं वजन सांगितलं ६४.५, ताप १०१. त्यांनी टॅब मारत मारत दोन्ही आकडे टाकले, पण एक टॅब जास्त पडला आणि १०१ वजनात गेलं. ॲपने हूं की चूं केलं नाही, कारण १०१ किलो वजनाचा माणूस असू शकतो की. आकड्यांची मर्यादा तपासणं त्यामुळे दोन पातळ्यांवर करायचं. एक कडक, म्हणजे अशक्यच आकडा, तापाच्या जागी ५०० आलं तर घ्यायचंच नाही. दुसरी मऊ, आकडा शक्य आहे पण या माणसाच्या मागच्या नोंदीपेक्षा फार वेगळा आहे, मागच्या महिन्यात ६५ किलो आणि आज १०१, तर अडवायचं नाही पण "मागचं वजन ६५ होतं, बरोबर आहे ना?" असं विचारायचं. मऊ तपासणीला कधीही अडवायचं बटण बनवू नका, कारण माणसं खरंच आजारी असतात आणि आकडे खरंच विचित्र येतात, तेव्हा ॲपने नोंद नाकारली तर लोक खोटा चालणारा आकडा टाकतील.

आणि एकक ॲपने मनाने ओळखायचं नाही. साखर ५.५ लिहिली तर ती मिलिमोल (प्रति लिटर) असेल आणि ९९ लिहिली तर मिलिग्रॅम (प्रति डेसिलिटर) असेल असा अंदाज बांधायचा मोह होतो, एकाला १८ ने गुणलं की दुसरं येतं, हिशोब सोपाच आहे, पण मधले आकडे आले की अंदाज फसतो. एकक चौकटीच्या शेजारीच दिसू द्या, ज्या एककात रिपोर्ट आला त्याच एककात आकडा ठेवा, आणि दाखवताना बदलायचं तर बदला.

एसक्यूलाइटच्या दोन खोडी माहीत असू द्या. पहिली, फॉरेन कीची तपासणी, म्हणजे एका टेबलातला नंबर दुसऱ्या टेबलात खरंच आहे का हे बघणं, डीफॉल्टला बंद असते, प्रत्येक नवीन कनेक्शन उघडलं की प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग बदलायची आज्ञा) चालवून ती चालू करायला लागते, विसरलात तर नसलेल्या पेशंटच्या नावावर पण भेट सेव्ह होते आणि कुठलीही एरर येत नाही. दुसरी, आकड्याच्या कॉलममध्ये "साठ" असा शब्द टाकला तरी ते निमूट घेतं. २०२१ मध्ये आलेल्या ३.३७ व्हर्जनपासून टेबल बनवताना शेवटी स्ट्रिक्ट लिहिलं की हे थांबतं, ते लिहाच. तारखा नेहमी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने, २०२४-०३-०७ अशा, म्हणजे मजकूर म्हणून लावल्या तरी क्रम बरोबर लागतो. आणि क्वेरीत पेशंटचं नाव कधीही वाक्यात जोडून टाकू नका, प्रश्नचिन्ह ठेवून किंमत वेगळी पाठवा, हे सुरक्षेसाठी तर आहेच पण नावात एखादं अवतरण चिन्ह आलं तरी नोंद फुटत नाही.

आता पुसायचं नाही हा नियम डेटाबेसमध्येच बसवायचा, स्क्रीनच्या कोडवर सोडायचा नाही. निरीक्षण आणि भेट या टेबलांवर ट्रिगर, म्हणजे बदल होताना डेटाबेस आपोआप चालवतो तो नियम, लावा, अपडेट किंवा डिलीट आलं की सरळ नकार. दुरुस्ती म्हणजे नवीन ओळ, आणि त्या ओळीत एक कॉलम की मी अमुक क्रमांकाच्या ओळीच्या जागी आले, आणि कारण. वरच्या त्या १०१ किलोचं असं होईल, जुनी ओळ राहील, नवीन ओळीत ६४.५, कारण "चुकून ताप वजनात टाकला", कोणी नि कधी. स्क्रीनवर फक्त ६४.५ दिसेल, शेजारी छोटी खूण, खुणेवर क्लिक केलं की जुना आकडा आणि कारण. एकाच माणसाची दोन खाती तयार झाली असतील, जे होतंच, तरी एक खातं उडवायचं नाही, त्याला "हे अमुक खात्यात विलीन" एवढी खूण करायची, कारण उद्या कळलं की ते दोन वेगळेच भाऊ होते तर परत वेगळं करता आलं पाहिजे.

मराठी नावांचा शोध हे एक वेगळंच दुखणं आहे. "कऱ्हाडे" हे नाव दोन पद्धतीने टाइप होतं, एकात नुक्ता असलेला ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची ठरलेली पद्धत, वापरलं तरी हे दोन एक होत नाहीत. मग माणूस समोर उभा असतो, शोधात नाव येत नाही, आणि नवीन खातं उघडलं जातं. उपाय असा की नाव जसं लिहिलं तसं एका कॉलममध्ये ठेवायचं, आणि शोधासाठी दुसरा कॉलम, त्यात एनएफसी करून मग हे दोन प्रकार स्वतःच्या फंक्शनने एक करायचे, न दिसणारे कॅरेक्टर काढायचे, ऱ्हस्व-दीर्घ पण एकच करून टाकायचे, म्हणजे सुनिता आणि सुनीता दोन्ही सापडतात. शोधताना टाइप केलेल्या शब्दाला पण तेच फंक्शन लावायचं. छपाईचं पण बघून घ्या, काही पीडीएफ लायब्ररी जोडाक्षरं जोडत नाहीत, क्ष चा क् आणि ष वेगळे छापतात. क्यूटीची स्वतःची छपाई वापरली तर हा त्रास होत नाही, कारण ते आतून हार्फबझ ही अक्षरं नीट जोडणारी लायब्ररी वापरतं.

आत्ता कुठे स्क्रीन. यावर कमी बोलतो कारण प्रत्येक दवाखान्याची पद्धत वेगळी, तुम्ही दोन दिवस बाजूला बसून ते कागदावर कसं करतात ते बघा आणि त्याच क्रमाने चौकटी ठेवा. माउसला हात न लावता एक भेट पूर्ण नोंदवता आली पाहिजे. आणि एका वेळी एकच पेशंट उघडा, नाव, वय, नंबर वरच्या पट्टीत कायम, स्क्रोल केलं तरी जागेवर.

इथे एक चूक सांगतो जी माझ्याकडून झाली आणि जिने मला खरंच घाम फुटला. जुने रिपोर्ट लोड व्हायला वेळ लागतो म्हणून मी ते काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे मागे वेगळं चालू राहील असं, टाकलं, म्हणजे स्क्रीन अडकत नाही, आणि ते करायलाच पाहिजे. पण पहिल्या पेशंटवर क्लिक केलं, लगेच चूक लक्षात येऊन दुसऱ्यावर क्लिक केलं, तर दुसऱ्याची माहिती आधी आली आणि पहिल्याची मागून येऊन त्याच्यावर बसली. वर नाव दुसऱ्याचं, खाली साखर पहिल्याची. चाचणी करताना सापडलं म्हणून बरं, कारण ही गोष्ट दिसायला कुठेही चूक वाटत नाही. थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन मशीनने १९८५ ते १९८७ मध्ये सहा पेशंटना प्रमाणाबाहेर डोस दिले होते, आणि त्यातल्या काही अपघातांत असंच होतं, ऑपरेटरने चूक पटकन दुरुस्त केली, स्क्रीनवर दुरुस्त झालेलं दिसलं पण मशीन आतून जुन्याच सेटिंगवर होतं. आपलं ॲप डोस देत नाही हे खरं, पण आपल्या स्क्रीनकडे बघून कोणीतरी देतो. उपाय दोन ओळींचा आहे, मागणी पाठवताना पेशंटचा नंबर बरोबर पाठवा, उत्तर आलं की आत्ता उघडा असलेला नंबर तोच आहे का बघा, नसेल तर उत्तर टाकून द्या. आणि हे हाताने तपासू नका, लोड होण्यात मुद्दाम दोन सेकंदांचा उशीर घालून टेस्ट लिहा.

सुरक्षेचं. साधी एसक्यूलाइट फाइल कोणीही पेनड्राइव्हवर घेऊन उघडू शकतो, तुमच्या ॲपचा पासवर्ड तिथे काही कामाचा नाही. त्यासाठी एसक्यूलसायफर ही एसक्यूलाइटची एनक्रिप्शनवाली आवृत्ती वापरा, पूर्ण फाइल एईएस-२५६ ने एनक्रिप्ट होते. पण एकच पासवर्ड सगळ्यांना वाटू नका, मग कोणी काय लिहिलं हे कळणारच नाही. फाइलची की ॲपने स्वतः रँडम बनवायची, आणि ती की प्रत्येक माणसाच्या पासवर्डवरून काढलेल्या की ने वेगवेगळी कुलूपबंद करून एका छोट्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची. पासवर्डवरून की काढायला आर्गॉन२ ही पद्धत, किंवा पायथनमध्ये आधीच असलेलं स्क्रिप्ट (scrypt) नावाचं फंक्शन. कोणी काम सोडून गेलं तर त्याची कुलूपबंद प्रत काढून टाकायची, बाकीच्यांचं चालू राहतं. त्याने मूळ की कुठे उतरवून घेतली असेल अशी शंका असेल तर मात्र सगळी फाइल नव्या की ने परत एनक्रिप्ट करा. आणि एक रिकव्हरी की छापून बंद पाकिटात ठेवायला सांगा, कारण सगळे पासवर्ड हरवले तर तो डेटा तुम्ही पण उघडू शकणार नाही.

पाच मिनिटं हात लागला नाही की ॲप लॉक, पण अर्धवट लिहिलेली नोंद जाता कामा नये, ती मसुदा म्हणून त्याच एनक्रिप्टेड फाइलमध्ये सेव्ह होऊ दे. नाहीतर लोक लॉकचा वेळ वाढवून आठ तास करतात आणि त्यांचं चूक पण नाही. एरर लॉगमध्ये पेशंटचं नाव किंवा नोंद जाऊ देऊ नका, फक्त नंबर. छपाईसाठी बनवलेल्या तात्पुरत्या पीडीएफ बंद होताना उडवा. आणि आरोग्याच्या माहितीबद्दल ॲप जिथे वापरणार तिथला कायदा काय म्हणतो, किती वर्षं नोंदी ठेवायच्या, पेशंटने प्रत मागितली तर किती दिवसांत द्यायची, हे सुरू करायच्या आधी एकदा जाणकाराला विचारून घ्या.

पॅकेज करताना डेटाची फाइल ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. मी पायइन्स्टॉलर या पायथनचं ॲप बांधायच्या साधनाने सगळं एकाच एक्झी फाइलमध्ये बांधलं होतं, आणि डेटाचा पत्ता कोड जिथे आहे तिथूनच काढला होता. एक-फाइल प्रकारात ॲप चालू होताना एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतं आणि बंद होताना तो फोल्डर पुसला जातो. दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी ॲप बंद केल्यावर गेल्या. चाचणीच्या नोंदी होत्या, खऱ्या नव्हत्या, पण तेव्हापासून डेटाचा पत्ता मी नेहमी क्यूटीच्या स्टँडर्ड पाथ्समधून घेतो, जो वापरणाऱ्याच्या ॲप-डेटा फोल्डरमध्ये जातो, आणि पहिल्यांदा चालू झाल्यावर तो पत्ता स्क्रीनवर दाखवतो. पुढच्या व्हर्जनला टेबलं बदलणारच आहेत, तर एसक्यूलाइटच्या यूझर-व्हर्जन या प्राग्मात स्कीमाचा, म्हणजे टेबलांच्या रचनेचा नंबर ठेवा आणि ॲप चालू होताना जुना नंबर दिसला तर आधी बॅकअप घ्या, मगच बदल चालवा.

बॅकअपसाठी चालू असलेली फाइल कॉपी-पेस्ट करू नका. वॉल मोड (नोंदी आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची एसक्यूलाइटची पद्धत) चालू असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये असतात आणि कॉपीत त्या येत नाहीत. पायथनच्या एसक्यूलाइट कनेक्शनला ३.७ व्हर्जनपासून बॅकअप नावाचं फंक्शन आहे, एसक्यूलसायफरला पायथनशी जोडणाऱ्या लायब्ररीमध्येही ते मिळतं का बघा आणि ते वापरा, फक्त एसक्यूलसायफर असेल तर नव्या फाइललाही की लावून उघडा, एनक्रिप्टेड आणि साधी अशी सरमिसळ चालत नाही. बॅकअप झाला की त्या प्रतीवर इंटिग्रिटी-चेक, म्हणजे फाइल धड आहे का हे बघणारी आज्ञा, चालवा आणि शेवटच्या नोंदीची वेळ स्क्रीनवर दाखवा, "बॅकअपमधली शेवटची नोंद आज ५:४२" असं. नुसतं "बॅकअप यशस्वी" वाचून कोणाला काही कळत नाही. प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि एक इमारतीच्या बाहेर. चालू फाइल मात्र क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवायची नाही, ती अर्धवट अवस्थेत उचलली जाऊ शकते.

महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर ॲप नव्याने टाकून तो बॅकअप उघडून बघा, रिकव्हरी की वापरून, पासवर्ड न वापरता. आणि पहिले चार आठवडे कागद बंद करू नका. दर शनिवारी दहा केस पेपर मनात येतील तसे उचला, ॲपमध्ये तीच माणसं उघडा, आणि एक जण कागद वाचेल, दुसरा स्क्रीन बघेल, आकड्याला आकडा. माझ्याकडे पहिल्या शनिवारी दहापैकी तीन ठिकाणी फरक निघाला. तिन्ही ठिकाणी औषध बंद केल्याची तारीख ॲपमध्ये नव्हती, कारण ती टाकायला मी चौकटच दिली नव्हती.